डबा आणण्याआधी लंगोट मोजा

दूध पुरत नाही हा निकाल खानदेशात बहुधा संध्याकाळी लागतो. दिवसभर निवांत झोपलेलं बाळ सहा-सातच्या सुमाराला किरकिरायला लागतं, पाजून खाली ठेवलं की पुन्हा तोंड उघडतं, शेजारीण दारातून डोकावते आणि म्हणते, "पोर्‍याले दूध पुरस नही व माय." रात्री आठपर्यंत कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पावडरचा डबा आलेला असतो. घरात मोबाईलवर व्हिडिओ पाहणारी धाकटी नणंद असली, तर दूध काढायच्या पंपाची चर्चा सुरू होते: हाताचा घ्यावा की विजेवरचा.

जळगाव-धुळ्याच्या बहुतेक घरांत पंप कधीच नव्हता आणि त्यावाचून दूध अडलं नाही. दूध कमी होतं ते दोन पाजण्यांमधलं अंतर वाढलं म्हणून. छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध वेगानं तयार होतं. ती भरून राहिली की दुधातलाच एक घटक आतल्या पेशींना काम मंदावायचा निरोप देतो. डब्याचं दूध पिऊन बाळ तीन-चार तास झोपलं, की तेवढे तास छाती भरलेली राहते आणि दोन-चार दिवसांत खरोखरच दूध घटतं. शेजारणीचा आदल्या दिवशीचा चुकीचा अंदाज डबा असा खरा करून दाखवतो.

पुढची यादी आईसाठी आहे, पण तिच्यातल्या निम्म्या गोष्टी आईच्या हातात नसतात. सासूबाईंनी, नवऱ्यानं आणि जिथं ती कामाला जाते तिथल्या मालकानंही ती वाचावी.

पहिले तीन दिवस

करा: जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळ छातीला लावा. सिझर झालं असेल तरी नर्सताईंना तसं आधीच सांगून ठेवा. आई शुद्धीत असेल तर कुशीवर पाजता येतं.

करा: बाळाला नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीवर झोपवा, वरून चादर घ्या. कातडीला कातडी लागली की पान्हा लवकर फुटतो.

टाळा: पहिलं घट्ट पिवळं दूध पिळून टाकणं. ते चमचा-दोन चमचेच येतं म्हणून घर घाबरतं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पाच-सात मिलिलिटर, म्हणजे छोटा चमचाभरच पितं. भरून येणारं दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरतं. तोवर त्या पिवळ्या थेंबांवर बाळाचं भागतं.

टाळा: गुळाचं पाणी, मधाचं बोट, जन्मघुटी, गाईचं पातळ केलेलं दूध. मध तर वर्षभर नकोच. त्यातल्या जिवाणूंनी तान्ह्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो. बाकीच्या गोष्टींनी बाळाची भूक मरते आणि ते छातीला जोर लावत नाही. पाचवीच्या पूजेला काय मांडायचं ते मांडा, बाळाच्या तोंडात मात्र काही घालू नका.

पुरतंय का, हे कसं ओळखायचं

करा: लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, तीही पाण्यासारखी फिकट, होत असेल तर दूध पुरतंय. डायपर लावून ठेवलं की हा हिशेब हरवतो, म्हणून पहिला महिना दिवसा तरी जुन्या साडीचे लंगोट बरे.

करा: वजन करा. जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत जन्माइतकं व्हायला हवं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ दिसते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणं अपेक्षित आहे. त्यांच्याकडे वजनकाटा असतो. त्या आल्या नाहीत तर निरोप पाठवा. हक्क आहे तुमचा. माहेरी बाळंतपण असेल तर माहेरच्या गावच्या आशाताईंना आधी कळवून ठेवा, नाहीतर सासरच्या यादीत नाव आणि बाळ मात्र माहेरी, असं होतं.

टाळा: बाळाच्या रडण्यावरून, छाती मऊ पडल्यावरून किंवा पिळून किती निघालं यावरून निकाल लावणं. सहा आठवड्यांनी छाती पहिल्यासारखी टणक लागत नाही. शरीराला बाळाची मागणी नेमकी कळू लागल्याची ती खूण आहे. पिळून वाटीत चार चमचेच आले म्हणजे आत चारच आहेत, असंही नाही. बाळाचं तोंड जेवढं ओढतं तेवढं हाताला निघत नाही, पंपालाही निघत नाही.

टाळा: संध्याकाळच्या किरकिरीला भूक समजून वरचं दूध देणं. बहुतेक तान्ही बाळं संध्याकाळी तासातासाला, कधी अर्ध्या तासानं मागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुढे सहाव्या आठवड्याच्या आसपास दोन-तीन दिवस ही मागणी फारच वाढते. असं मागून मागून बाळ उद्याच्या दुधाची सोय करत असतं. त्या दोन-तीन संध्याकाळी भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी, एवढंच घराला जमायला हवं.

पकड

करा: डाव्या बाजूला पाजताना बाळाचं डोकं उजव्या हातानं मानेच्या वर, कानांच्या मागे धरा, डावा हात छातीला आधार देईल. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. निप्पल वरच्या ओठाला लावा, बाळ जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा आणि मग बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे वाकवू नका. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त दिसतोय आणि खालून कमी, आणि गिळण्याचा आवाज येतोय, एवढं दिसलं की झालं. आयआयटी मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी या पकडीवर तयार केलेले व्हिडिओ मराठीतही आहेत. नणंदेला पंपाऐवजी ते शोधायला सांगा.

टाळा: नुसतं निप्पल तोंडात देणं. त्यानं चिरा पडतात, दुखतं, दुखलं की आई पाजणं पुढे ढकलते आणि दूध मागे पडतं. खानदेशातल्या "दूध आटलं"च्या निम्म्या तक्रारी इथंच सुरू होत असाव्यात, असं माझं मत आहे.

करा: बाळ चोखता चोखता झोपलं की छाती हातानं हलकी दाबून धरा, दुधाची धार वाढते आणि बाळ पुन्हा गिळायला लागतं. एक बाजू सैल झाली की दुसरी द्या. पुढच्या वेळी सुरुवात दुसऱ्या बाजूनं.

रात्र

करा: चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा आणि त्यात रात्रीच्या वेळा सोडू नका. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्रीच्या पाजण्यानं जास्त वाढतं. पहिले काही आठवडे बाळ दिवसा तीन-चार तास सलग झोपलं तर उठवून पाजा.

टाळा: "सूनबाईची झोप होऊ दे" म्हणून सासूबाईंनी रात्री बाळाला वाटीनं वरचं पाजणं. माया खरी आहे, पण तिची जागा दिवसा आहे. दिवसा बाळ सांभाळा, आईला दुपारी दोन तास झोपवा. रात्री तिला बाळ उचलून द्या आणि पाजून झालं की घ्या. नवऱ्यालाही हे जमतं. त्याला कुणी सांगत नाही, इतकंच.

हातानं दूध काढणं

पंपाचं काम करणारी दोन बोटं प्रत्येकीकडे आहेत. हे माहेरून शिकवून पाठवलेलं नसतं आणि दवाखान्यात शिकवायला वेळ नसतो, म्हणून जरा सविस्तर.

करा: हात साबणानं कोपरापर्यंत धुवा. उकळून घेतलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी घ्या. बाळ जवळ असेल तर त्याच्याकडे बघत, नसेल तर त्याचं झबलं मांडीवर घेऊन बसा. हे भाबडेपणानं सांगत नाही. पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन बाळाच्या वासानं, आवाजानं, नुसत्या आठवणीनंही वाढतं, आणि घाईनं, लाजेनं, दुखण्यानं अडतं.

कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं छातीवर ठेवा. मग बोटांनी बाहेरून आत हलके गोल फिरवा. अंगठा वर आणि पहिलं बोट खाली, निप्पलच्या सुमारे दोन बोटं मागे, काळ्या भागाच्या कडेला ठेवा. आधी सरळ फासळ्यांच्या दिशेनं आत दाबा, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे आणा, मग सोडा. आत, जवळ, सोडा. पहिलं एखादं मिनिट काहीच येणार नाही. इथंच बहुतेक जणी सोडून देतात. मग थेंब येतात, मग धार. धार मंदावली की बोटं वर-खालून हलवून दोन्ही बाजूंना घ्या, म्हणजे सगळीकडचं निघेल. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली. असं एकूण वीस-तीस मिनिटं. पहिल्या दिवसांत याहून लवकर आवरायची घाई नको.

टाळा: निप्पल ओढणं किंवा पिळणं, दूध तिथं साठलेलं नसतं, मागे असतं. कातडीवरून बोटं घासत नेऊ नका, लाल चट्टे पडतात. दुखत असेल तर बोटांची जागा चुकली आहे.

टाळा: मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणारा रबरी फुग्याचा पंप. फुग्यात दूध शिरतं, आतून नीट धुता येत नाही आणि जंतू वाढतात. पंप घ्यायचाच नाही असं इथं म्हणायचं नाही. हा मात्र नक्की घेऊ नका.

करा: काढलेलं दूध बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजा. बोंडलं अजून आजीच्या फडताळात सापडतं, उकळून घ्या. बाळाला थोडं उठवून धरा आणि दूध ओठाला लावा. ते स्वतः ओढतं. घशात ओतू नका.

टाळा: बाटली. तिचं रबर न श्रमता दूध देतं, बाळाची छातीची सवय मोडते आणि उन्हाळ्यात तिच्यातून जुलाब घरात येतात. आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्यावर आईच्या दुधाचा मोठेपणा छापावा लागतो तो याच कायद्यामुळे. दुकानात गुबगुबीत बाळाचं पोस्टर कुणी लावलं असेल तर ते बेकायदा आहे.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर

जळगाव किंवा धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात बाळ नवजात कक्षात आणि आई दुसऱ्या मजल्यावर, किंवा आई तालुक्याला आणि बाळ जिल्ह्याला, अशा वेळी दूध सर्वांत लवकर आटतं. ओढणारं तोंडच जवळ नसतं.

करा: जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हातानं काढायला लागा आणि दर दोन-तीन तासांनी काढा, रात्री किमान एकदा तरी. दिवसाला आठ वेळा. पहिल्या दिवशी पाच थेंब आले तरी नर्सताईंकडे द्या; नळीतून दूध घेणाऱ्या बाळाला तेवढ्यांचंही मोल आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली ती अशाच कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी.

करा: डॉक्टरांनी हो म्हटलं की कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी बांधून घ्या. वजन वाढतं आणि दूधही. आई थकली तर बाळाच्या बापाची छातीही चालते, आजीचीही; दूध वाढायला मात्र आईचीच हवी.

टाळा: "बाळ घरी आल्यावर बघू." दोन आठवडे न काढलेली छाती परत मार्गावर आणायला दुप्पट कष्ट पडतात.

वेचणी, पथारी आणि अपडाऊन

खरी कसोटी इथं आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे बाळाला पाजायला बसलेली पंधरा मिनिटं सरळ पैशातून जातात. हे माहीत नसताना "दर दोन तासांनी पाजा" असं सांगणं सोपं आहे.

करा: बाळ शेतावर नेणं शक्य असेल तर न्या, निंबाच्या सावलीत झोळी बांधा आणि राखायला घरातलं मोठं माणूस ठेवा, आठ वर्षांची पोर नको. नेता येत नसेल तर निघण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजू पाजा, दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत कुणाकडून तरी बाळ बांधावर आणवा आणि परतल्यावर पाणी पिऊन, हात-तोंड धुऊन पहिलं काम पाजण्याचं करा. चूल नंतर. रात्री बाळ कुशीत मागेल तितकं प्यायला मिळालं तर दिवसाची तूट पुष्कळशी भरून निघते.

टाळा: फवारणी केलेल्या शेतातून आल्यावर त्याच कपड्यांत बाळ घेणं. आधी साडी बदला. हात, मान आणि छाती साबणानं धुवा. तान्ह्या बाळाच्या आईनं फवारणीच्या कामाला जाऊच नये.

करा: दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठं खुडणाऱ्या बाईनं छातीला हात लावण्याआधी बोटांना खायचं तेल चोळावं, पुसावं आणि मग साबणानं दोनदा धुवावं. मिरचीची आग नुसत्या पाण्यानं जात नाही, तेलानं सुटते. पदराला तोच खाट लागलेला असतो, तेव्हा बाळाचं तोंड पदरानं पुसू नका.

करा: शाळा, बँक, पंचायत समिती अशा ठिकाणी भुसावळहून जळगाव, साक्रीहून धुळे असं अपडाऊन करणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत एकदा आणि निघण्याआधी एकदा हातानं दूध काढावं. ठेवायला जागा नाही, फ्रीज नाही, प्रवास दीड तासाचा? मग ते सांडून द्या. जीव तुटतो, मान्य. पण त्या वेळी वाटीतलं दूध वाचवण्यापेक्षा छाती रिकामी होणं जास्त महत्त्वाचं असतं, कारण त्याच्यावर उद्याचं दूध ठरतं.

करा: कायद्याचं नाव घ्यायला लाजू नका. मातृत्व लाभाच्या तरतुदींनी पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली आहे, आणि कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. जळगावच्या एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यांना आणि डाळमिलांना, माणसांची संख्या भरत असेल तर, हे लागू आहे. शेतमजूर बाईला यातलं बहुतेक काही मिळत नाही. तिची सोय अजून मालकाच्या मनावर आहे.

करा: साक्री, शिरपूर, चाळीसगावकडून ऊसतोडीला गुजरातेत किंवा दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्याच्या तळाशी नको, हाताशी ठेवावं. लस, वजन आणि आईच्या गोळ्या यांचा सगळा हिशेब त्यातच असतो.

मे महिना

टाळा: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजणं, मग जळगावात ४५ अंश असले तरी. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. बाळाला तहान लागली की ते जास्त वेळा, थोडं थोडं पितं, तेवढ्यांदा पाजा. पाण्यानं पोट भरतं, दूध मागितलं जात नाही आणि माठाचं पाणी बाधतं ते वेगळंच.

टाळा: बाजेखाली शेगडी. थंडीच्या दिवसांतही बंद खोलीतला कोळशाचा धूर आई-बाळाला घातक असतो. उन्हाळ्यात तर घामानं आई सुकते आणि बाळाला नुसत्या उष्णतेनं ताप चढतो. बाळंतिणीला हवा लागू द्यायची नाही म्हणून खिडक्या लावून घेणंही सोडा. ओला पडदा टाका, पंखा लावा.

टाळा: काढलेलं दूध बाहेर ठेवण्याचा चार तासांचा नियम उन्हाळ्यात वापरणं. तो नियम २५ अंशांच्या खोलीचा आहे. आपल्या मे महिन्यात काढलेलं दूध लगेच पाजावं, फार तर तासाभरात. फ्रीज असेल तर झाकण लावून आतल्या बाजूला, दारात नको, चोवीस तास ठेवा. वीज बराच वेळ गेली तर टाकून द्या. गरम करताना गॅसवर चढवू नका, वाटी कोमट पाण्यात ठेवा.

करा: आईनं तहान लागेल तेवढं पाणी प्यावं. पाजायला बसताना तांब्या शेजारी ठेवण्याची सवय चांगली. तहान नसताना तांब्यामागून तांब्या ढोसल्यानं दूध वाढत नाही.

ताट

करा: नेहमीपेक्षा जास्त जेवा. पहिले सहा महिने आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक चांगलं जेवणच जास्त. कळण्याची भाकरी, तुरीचं किंवा उडदाचं वरण, मेथी-शेपूची भाजी, शेंगदाणे, तीळ, अंडं, दूध-दही, जे घरात आहे ते. लोह-फॉलिक आणि कॅल्शियमच्या सरकारी गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवा. साक्री-शिरपूर आणि चोपडा-यावल-रावेरच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेत पाजत्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. योजना २०१५ पासून आहे, जाऊन जेवा.

टाळा: "बाळंतिणीनं फिकं, पातळ आणि थोडं खावं." उपाशी आईचंही दूध बऱ्यापैकी येत राहतं, पण तिची हाडं आणि रक्त त्यात खर्च होतं.

टाळा: केळी वर्ज्य करणं. देशभर केळी पाठवणाऱ्या जळगाव जिल्ह्यात बाळंतिणीला मात्र "बाळाला सर्दी होईल" म्हणून केळं मिळत नाही. आईनं खाल्लेल्या केळ्यानं बाळाला सर्दी होत नाही. भरीत आणि शेवभाजीही खा, सोसेल तितक्या तिखटाची.

अळीव, डिंक, मेथीचे लाडू, बाळंतशेपा यांनी दूध वाढतं याचा पुरावा तोकडा आहे. लाडवात तूप, गूळ, खोबरं असतं, त्यानं ताकद येते, आवडीनं खा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मेथीचा मारा नको. दूध वाढवण्याच्या महागड्या पावडरीच्या पैशांत महिनाभराचे शेंगदाणे येतात, असा माझा साधा हिशेब आहे.

गोळी, मिश्री, गाठ

टाळा: पहिले सहा महिने माला-एन किंवा तसल्या मिश्र हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या, त्यातल्या इस्ट्रोजेननं दूध घटतं. तांबी चालते, छाया गोळी चालते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर चालतं. नाक मोकळं करणाऱ्या, सुडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनीही दूध कमी होतं. मेडिकलवाल्याला "मी अंगावर पाजते" हे सांगूनच औषध घ्या.

टाळा: मिश्री आणि तंबाखू. त्यातलं निकोटीन दुधात उतरतं आणि दूधही घटवतं. सोडणं एका दिवसात होत नसेल तर निदान पाजून झाल्यावर लावा, आधी नको.

करा: छातीत गाठ आली, लाल झाली, तरी त्याच बाजूनं पाजत राहा. पाजण्याआधी थोडं हातानं काढून मऊ करा, पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवा. चोवीस तासांत उतार नसेल किंवा ताप-थंडी असेल तर दवाखाना. दृष्ट काढायची तर काढा, पण रिक्षात बसल्यावर.

करा: बाळ मलूल आहे, पाजायला उठत नाही, लघवी सहापेक्षा कमी, दोन आठवड्यांत जन्माचं वजन गाठलेलं नाही, किंवा तळपायापर्यंत पिवळं दिसतंय, तर घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टर, गाडी नसेल तर १०८. काही आयांचं दूध खरोखरच कमी असतं: बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा राहिलेला असतो, थायरॉइड असतो. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध देण्यात कमीपणा नाही. डब्यावर लिहिलेल्या मापानंच करा, डबा पुरवायला पाणी वाढवू नका.

आटलंच असेल तर

करा: बाळ काही महिन्यांच्या आतलं असेल तर दूध परत आणता येतं, तेही पंपाशिवाय. दर दोन तासांनी बाळ छातीला लावा. कोरडी छाती ओढायला ते तयार होत नसेल तर दुसऱ्या कुणीतरी वाटीतलं दूध चमच्यानं थेंब थेंब छातीवरून असं सोडावं, की ते निप्पलवरून बाळाच्या तोंडात जाईल. किंवा डॉक्टरांकडून पाच नंबरची बाळाची फीडिंग ट्यूब घ्या. एक टोक वाटीतल्या दुधात, दुसरं निप्पलच्या कडेनं बाळाच्या तोंडात. बाळ छाती ओढतं, दूध वाटीतून येतं आणि ओढण्याची ताकद छातीला जागं करते. वाटी खाली धरली की प्रवाह मंद होतो, वर धरली की वाढतो. हळूहळू खाली आणत जा. नळी प्रत्येक वेळी धुवून उकळा.

टाळा: चार दिवसांत सोडून देणं आणि चार दिवसांत वरचं दूध एकदम बंद करणं, दोन्ही. पहिले थेंब दिसायला आठवडा-पंधरवडा जातो, कधी जास्तही. वरचं दूध किती कमी करायचं ते अंगणवाडीतल्या काट्यावर दर आठवड्याला बाळाचं वजन बघून ठरवा. वजन चढतंय आणि लंगोट ओले होताहेत तोवर वाटीतलं दूध दर दोन-तीन दिवसांनी थोडं कमी करा; वजन थबकलं तर आठवडाभर आहे तेवढंच ठेवा.